आधी अधिकारी, मग शंभर वर्षांनी खलाशी

विजयदुर्गाच्या वाटेवरच्या एका गावात दोन वर्षांपूर्वी आरमाराच्या इतिहासावर व्याख्यान होतं. व्याख्यान संपलं आणि प्रश्नोत्तरांत नेहमीची जुगलबंदी सुरू झाली. एक गृहस्थ म्हणाले, इंग्रजांकडे चाबूक होता, शिस्त होती, म्हणून ते जगभर जिंकले. आपल्याकडे सगळाच ढिला कारभार. त्यावर एक तरुण प्राध्यापक तावातावाने उठले. कसली शिस्त, ती तर तरंगती गुलामगिरी होती, माणसं रस्त्यावरून धरून न्यायचे! अर्धा तास हे चाललं. मागच्या बाकावर बोटीवर आयुष्य काढलेले एक आजोबा बसले होते. त्यांनी एवढंच विचारलं, "त्येंका पगार येळार गावायचो काय?" सभागृहात हशा पिकला आणि प्रश्न तिथेच राहिला. त्या संध्याकाळचा खरा प्रश्न तोच होता, असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं.

भांडणारे दोघे एकमेकांच्या विरुद्ध टोकाला उभे असले तरी दोघांनी एक गोष्ट न तपासता मान्य केलेली असते, की शिडाच्या काळातलं ब्रिटिश आरमार चाबकावर चाललं. एकाला त्याचं कौतुक, दुसऱ्याला त्याचा संताप. मला हे गृहीतकच खोटं वाटतं. ते आरमार उभं राहिलं ते अधिकारी घडवण्याच्या, त्यांना सांभाळण्याच्या आणि बदलण्याच्या एका चिवट व्यवस्थेवर. खलाशांचे हाल ही त्या यशाची किंमत नव्हती. ती शंभर-सव्वाशे वर्षं थकवलेली बाकी होती. खलाशांच्या बाबतीत जे जे 'अशक्य' म्हणून टाळलं गेलं, त्यातलं बरंचसं त्याच आरमाराने अधिकाऱ्यांसाठी फार पूर्वीच करून दाखवलेलं होतं. म्हणून शिस्त हवी की माया, या वादात शिरण्याआधी कोणाचा हिशेब वेळेवर चुकता झाला आणि कोणाचा राहिला, ते पाहायला हवं.

सुरुवात अधिकाऱ्यांपासून करू. सतराव्या शतकाच्या मध्यापर्यंत इंग्लंडमध्ये जहाजावर दोन जातींचे अधिकारी असत. एक दरबारी घरंदाज, ज्यांना तलवार चालवता येई पण वारा कुठून सुटलाय ते कळत नसे. दुसरे 'टारपॉलिन', म्हणजे डांबर फासलेल्या कापडाच्या वासात वाढलेले, समुद्र कोळून प्यालेले पण दरबारात वजन नसलेले. सॅम्युअल पेपिस हा नौदलाचा कारभारी काही लढवय्या नव्हता. हिशेब आणि कागद हे त्याचं क्षेत्र. त्याने १६७७ मध्ये नियम आणला की लेफ्टनंट व्हायचं तर किमान तीन वर्षं समुद्रावर काढलेली हवीत, त्यातलं एक मिडशिपमन, म्हणजे शिकाऊ अधिकारी, म्हणून, वय वीस हवं, कप्तानांचे दाखले हवेत आणि तोंडी परीक्षा द्यायला हवी. लॉर्डाचा मुलगा असो की गलबतवाल्याचा, परीक्षकांसमोर उभं राहून शीड कसं आवळायचं, वादळात डोलकाठी तुटली तर काय करायचं, वारा जहाजाला किनाऱ्यावर ढकलू लागला तर ते कसं काढायचं, हे सांगावंच लागे. त्या काळी लष्करात तर हुद्दे रोख पैसे मोजून विकत मिळत, आणि ही पद्धत १८७१ पर्यंत चालली. नौदलात हुद्दा विकत घेता येत नव्हता. ही साधी गोष्ट नाही.

पुढे सतराव्या शतकाच्या अखेरीस आणखी एक पायरी आली. युद्ध संपलं, जहाज मोडीत निघालं, तरी अधिकाऱ्याला अर्धा पगार चालू राहू लागला. म्हणजे काम नसतानाही तो राज्याच्या हिशेबात राहिला, पुन्हा युद्ध पेटलं की बोलावता येऊ लागला. १७४८ मध्ये अधिकाऱ्यांना गणवेश मिळाला. कप्तान झालेल्याचं नाव ज्येष्ठतेच्या यादीत चढलं की ते पुढे सरकत राही. यात वशिला नव्हता असं कोणी म्हणणार नाही. होरेशिओ नेल्सन १७७७ मध्ये लेफ्टनंटच्या परीक्षेला बसला तेव्हा त्याला वीस पूर्ण व्हायला दीड वर्ष होतं, आणि समोर बसलेल्या परीक्षकांत त्याचा सख्खा मामा होता. पण वशिल्यालासुद्धा परीक्षेच्या खोलीतून जावं लागत होतं, आणि आधीची वर्षं समुद्रावर काढल्याशिवाय मामाही काही करू शकत नव्हता.

या व्यवस्थेचा जोर आपल्याच किनाऱ्यावर दिसला होता, आणि विजयदुर्गाची चर्चा करताना तो कोणी लक्षात घेत नाही. फेब्रुवारी १७५६ मध्ये ॲडमिरल वॉटसनच्या जहाजांनी विजयदुर्गावर तोफा डागल्या आणि तुळाजी आंग्र्यांचं आरमार जळालं. आपण पिढ्यानपिढ्या भांडतो ते पेशव्यांनी इंग्रजांची मदत घ्यायला हवी होती का यावर, आणि तो वाद महत्त्वाचा आहेच. पण आणखी एक तारीख पाहा. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट १७५७ मध्ये, वॉटसन कलकत्त्यात तापाने गेला. त्याच्या खालचा पोकॉक यादीप्रमाणे वर आला आणि आरमार चालू राहिलं. एकही जहाज थांबलं नाही. आपल्याकडे १७२९ मध्ये कान्होजी आंग्रे गेले, १७३३ मध्ये सेखोजी गेले आणि त्यानंतर संभाजी व मानाजी या भावांच्या वादात सरखेलीचं, म्हणजे आरमारप्रमुखाचं, घर अलिबागचा कुलाबा आणि विजयदुर्ग असं दुभंगलं. कान्होजींच्या हाताखालचे भंडारी, कोळी, गाबीत, दालदी हे दर्यावर्दी कोणत्याही इंग्रजाहून कमी नव्हते. गुराब, म्हणजे मोठं लढाऊ गलबत, कशी वळवायची ते त्यांना शिकवण्याची गरज नव्हती. कमी होती ती घराण्याच्या पलीकडे टिकणाऱ्या यादीची. इंग्रज इथे सरस ठरले हे मी मान्य करतो. पण त्या सरसपणाचा चाबकाशी काय संबंध?

आता त्याच आरमाराची दुसरी वही उघडू. क्रॉमवेलच्या काळात, १६५३ मध्ये, कसलेल्या खलाशाचा पगार ठरला अठ्ठावीस दिवसांच्या महिन्याला २४ शिलिंग, आणि साध्या खलाशाचा १९. हे आकडे पुढची १४४ वर्षं हलले नाहीत. महागाई वाढली, व्यापारी जहाजांवर युद्धकाळात दुप्पट-तिप्पट मजुरी मिळू लागली, १७९५ मध्ये लष्कराच्या शिपायाला वाढ मिळाली. खलाशी मात्र आपल्या पणजोबाच्या पगारावर काम करत होता. तोही हातात पडेल याची खात्री नव्हती. पगार सहा महिने मागे ठेवायचा ही रीतच होती, म्हणजे माणूस पळून जाणार नाही. सतराव्या शतकात रोख रकमेऐवजी तिकीट नावाची चिठ्ठी मिळे. ती लंडनमधल्या कचेरीतच वटायची, म्हणून खलाशाची बायको ती बंदरातल्या सावकाराला पडेल भावात विकून पीठ-मीठ आणायची. जून १६६७ मध्ये डचांनी मेडवे नदीत शिरून इंग्लंडची जहाजं जाळली, तेव्हा डच जहाजांच्या डेकवरून इंग्रजीत आरोळ्या ऐकू आल्या, की आजवर आम्ही तिकिटांसाठी लढलो, आता रोकड्यासाठी लढतोय. थकलेल्या पगाराला कंटाळून शत्रूकडे गेलेले ते इंग्रज खलाशी होते. आणि वॉपिंगच्या गल्ल्यांतून खलाशांच्या बायका ओरडत फिरत होत्या, आमच्या नवऱ्यांचे पैसे बुडवलेत त्याची ही फळं! हे पेपिसनेच आपल्या रोजनिशीत नोंदवून ठेवलं आहे. दहा वर्षांनी त्याच माणसाने अधिकाऱ्यांची परीक्षा सुरू केली. त्या बायकांचा हिशेब मात्र तसाच राहिला.

अन्नाचंही तेच. आपल्याकडे 'मापात पाप' म्हणतात. तिथे ते पाप नियमाने होतं. जहाजावरचा पर्सर, म्हणजे कोठीचा कारभारी, सोळा औंसांचा पौंड खलाशांना चौदा औंसांनी मोजून देई. दोन औंस 'घट' म्हणून आधीच कापलेले. चीज असो, लोणी असो, वर्षानुवर्षं दर पौंडामागे दोन औंस. पर्सरलाही धड पगार नव्हता, त्याने त्यातूनच आपलं भागवायचं, अशी ती साखळी. ग्रीनिचला म्हाताऱ्या खलाशांसाठी जो भव्य आश्रम उभा राहिला, त्याच्यासाठी प्रत्येक खलाशाच्या पगारातून महिन्याला सहा पेन्स कापले जात. उपकार राजाचा आणि पैसा खलाशाचा.

रोगाची गोष्ट तर काळीज पिळवटणारी आहे. १७४० मध्ये कमोडोर ॲन्सन पॅसिफिकच्या मोहिमेवर निघाला, तेव्हा माणसं कमी पडली म्हणून चेल्सीच्या आश्रमातले म्हातारे, आजारी सैनिक जहाजांवर चढवले गेले. चार वर्षांनी ॲन्सन खजिना घेऊन परतला, पण सुमारे १,९०० माणसांपैकी तेराशेहून अधिक दगावली होती, बहुतेक स्कर्व्हीने, म्हणजे ताज्या फळभाज्यांअभावी होणाऱ्या रोगाने. १७४७ मध्ये जेम्स लिंड नावाच्या जहाजावरच्या वैद्याने बारा रुग्णांना सहा जोड्यांत विभागून वेगवेगळे उपाय दिले. संत्री-लिंबं मिळालेली जोडी पटकन बरी झाली. हा प्रयोग झाला त्या जहाजाचं नाव 'सॉल्सबरी'. नऊ वर्षांनी विजयदुर्गासमोर तोफा डागणाऱ्या वॉटसनच्या जहाजांत हेच सॉल्सबरी होतं. म्हणजे लिंबाचा गुण ज्या डेकवर सिद्ध झाला, त्याच डेकवरचे खलाशी आमच्या कोकणासमोर उभे होते, आणि त्यांच्या रोजच्या शिध्यात लिंबू यायला अजून एकोणचाळीस वर्षं होती. सगळ्या आरमाराला लिंबाचा रस देण्याचा हुकूम निघाला १७९५ मध्ये. लिंड स्वतः आपल्या निष्कर्षावर ठाम नव्हता, रस टिकवण्याची त्याची पद्धत चुकीची होती, हे खरं आहे. तरी अठ्ठेचाळीस वर्षं! तोफेत असा दोष सापडला असता तर किती दिवस लागले असते?

आता प्रतिपक्षाचं म्हणणं नीट मांडतो, कारण ते पोकळ नाही. पहिला मुद्दा संख्येचा. शांततेत सोळा-सतरा हजार माणसांवर चालणारं आरमार १७९३ मध्ये फ्रान्सशी युद्ध पेटल्यावर चार वर्षांत लाखाच्या वर गेलं. खलाशी महिन्याभरात तयार होत नाही. परबाणावर, म्हणजे शीड बांधायच्या आडव्या काठीवर, ऐंशी-नव्वद फूट उंचीवर, काळोखात, ओल्या दोरावर पाय ठेवून शीड गुंडाळणारा माणूस लहानपणापासून घडतो. अशी माणसं देशात मोजकी आणि ती सगळी व्यापारी जहाजांवर. मग सक्तीने धरून आणण्यावाचून, ज्याला 'प्रेस' म्हणत, इलाज काय होता? दुसरा मुद्दा काळाचा. जमिनीवर किरकोळ चोरीला फाशी होती तिथे जहाजावरच्या बारा फटक्यांना आजच्या मापाने मोजू नका. आणि हल्लीच्या अभ्यासकांनी जहाजांचे हजेरीपट तपासून दाखवलंय की सक्तीने आणलेल्यांचं प्रमाण आपण समजतो त्याहून बरंच कमी होतं. पुष्कळ जहाजं समाधानी होती. तिसरा मुद्दा सर्वांत वजनदार आहे: सैल सोडलं की काय होतं ते फ्रान्सने दाखवलं. १७८९ च्या अखेरीस तुलों बंदरात लोकांनी आपल्याच ॲडमिरलला कैद केलं, १७९० मध्ये ब्रेस्टला नव्या दंडसंहितेवरून बंड झालं, सरदार घराण्यांतले अधिकारी देश सोडून गेले, १७९३ मध्ये कीबरॉनजवळ आरमाराने हुकूम धुडकावले. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात इंग्रजांच्या तोंडचं पाणी पळवणारं आरमार दहा-बारा वर्षांत खिळखिळं झालं.

फ्रान्सचा मुद्दा मी पूर्णपणे मान्य करतो. अधिकारी नाहीसे झाले की आरमार उरत नाही. पण त्यातून चाबकाची थोरवी कशी सिद्ध होते? ब्रेस्टच्या खलाशांचा राग त्या संहितेतल्या एका शिक्षेवर विशेष होता: पायात कडं आणि मागे लोंबणारी साखळी. ही खूण सक्तमजुरीच्या कैद्यांची होती, आणि 'आम्ही खलाशी आहोत, कैदी नाही' हा त्यांच्या संतापाचा गाभा होता. हुकमाला नकार आणि अपमानाला नकार यांत फरक असतो. तो ओळखण्याची अक्कल वरच्यांना नसली की दोन्ही एक होतात.

'प्रेस'चं प्रमाण कमी होतं हेही मान्य. पण हजेरीपटावर 'स्वयंसेवक' लिहिलेला माणूस खरोखर आपणहून आला होता का, हे हजेरीपट सांगत नाही. सक्तीने धरून नेणारी टोळी दारात उभी आहे, पकडला गेलो तर काही मिळणार नाही, आपणहून नाव दिलं तर भरतीची बक्षिसी तरी मिळेल. अशा वेळी शहाणा माणूस काय करेल? सात वर्षांच्या युद्धानंतर (१७५६-६३) छापला गेलेला एक आकडा प्रसिद्ध आहे: १,८४,८९९ माणसं भरती झाली, त्यांपैकी लढाईत मेली १,५१२ आणि रोगाने गेलेली किंवा 'नाहीशी झालेली' १,३३,७०८. या दुसऱ्या आकड्यात पळून गेलेले किती आणि मेलेले किती यावर वाद आहेत, आणि रोगाचा वाटा त्यात फुगलेला दिसतो असं म्हणणाऱ्यांची बाजू मला पटते. पण ती पटली की काय उरतं? हजारो माणसं पळाली. म्हणजे भोक पडलेल्या घागरीत पाणी ओतणं चाललं होतं, आणि ओतणाऱ्यांनी त्याला युद्धाची गरज म्हटलं.

संख्येच्या मुद्द्याचं उत्तर तर त्यांच्याच घरात होतं. युद्ध संपल्यावर अधिकाऱ्याला अर्धा पगार देऊन राखून ठेवता येतं, तर खलाशाला वर्षाला थोडी रक्कम देऊन का नाही? हा विचार कोणाला सुचलाच नाही असंही नाही. १६९६ मध्ये कायदा झाला की नोंदणी केलेल्या खलाशाला वर्षाला दोन पौंड मिळतील आणि गरज पडली की तो हजर होईल. योजना फसली, १७१० मध्ये गुंडाळली, आणि पुढे दीडशे वर्षं 'करून पाहिलं, जमत नाही' हा दाखला दिला गेला. का फसली? कबूल केलेली रक्कम नियमित हातात पडेना आणि नाव नोंदवूनही टोळीपासून सुटका नव्हती. अशा योजनेत कोण राहील? पुढे १८५९ मध्ये जेव्हा शाही नौदल राखीव दल उभारलं गेलं तेव्हा कल्पना तीच होती, व्यापारी खलाशाला वार्षिक मानधन आणि थोडं शिक्षण. या वेळी पैसे वेळेवर दिले गेले. ते दल आजही आहे.

खजिन्यात पैसा नव्हता हे कारणही तपासून पाहा. १७५८ मध्ये जॉर्ज ग्रेनव्हिलच्या प्रयत्नाने कायदा झाला की खलाशाला पगार ठरल्या मुदतीत मिळावा आणि त्यातला भाग घरी पाठवता यावा. त्याने साम्राज्य बुडालं नाही. उलट पुढच्या वर्षीच, १७५९ मध्ये, लागोस आणि कीबरॉन उपसागरातले ते मोठे विजय आले. हा कायदा झाला म्हणून विजय झाला, असं मी म्हणणार नाही. पण पगार वेळेवर दिल्याने लढाऊपणा कमी होतो, असं म्हणणाऱ्याला हे वर्ष समजावून सांगावं लागेल.

आणि मग १७९७ येतं. पोर्ट्समथ बंदरासमोर स्पिटहेडला झालेल्या खलाशांच्या बंडाची ती घटना मी पुन्हा पुन्हा वाचतो, कारण शिस्तीबद्दल इतकं शिकवणारी दुसरी घटना मला ठाऊक नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये खलाशांनी लॉर्ड हाऊ या म्हाताऱ्या ॲडमिरलला अर्ज पाठवले. निनावी, नम्र भाषेतले. ते दुर्लक्षित राहिले. १६ एप्रिलला, ईस्टरच्या रविवारी, आरमाराला निघण्याचा हुकूम झाला. खलाशी दोरखंडांवर चढले, तीन जयघोष केले आणि नांगर उचलला नाही. सोळा मोठ्या जहाजांनी प्रत्येकी दोन प्रतिनिधी निवडले आणि हे बत्तीस जण 'क्वीन शार्लट'वर ॲडमिरलच्या खोलीत बैठकीला बसले. त्यांनी काय मागितलं? पगारवाढ. सोळा औंसांचा पौंड. बंदरात असताना ताजी भाजी. आजाऱ्यांची नीट शुश्रूषा. जखमी बरा होईपर्यंत त्याचा पगार. दीर्घ सफरीनंतर घरच्यांना भेटायला थोडी रजा. राजा उलथवायचा नव्हता, युद्ध थांबवायचं नव्हतं; फ्रेंच आरमार बाहेर पडलं तर आम्ही निघू, असं त्यांनी आधीच कळवलं होतं. त्या दिवसांत जहाजांवर पहारे नेहमीसारखे बदलले, डेक धुतले गेले, अधिकाऱ्यांना मान दिला गेला. दारू पिऊन गोंधळ घालणाऱ्यांना प्रतिनिधींनीच फटके दिले. फटक्यांची शिक्षा रद्द करा अशी मागणीही नव्हती. ज्यांना चाबकानेच शिस्त येते असं वाटतं त्यांनी सांगावं, अधिकाऱ्यांचा हुकूम बाजूला ठेवून महिनाभर शिस्त राखणारे हे लोक कोणाच्या धाकाने राखत होते?

तडजोड एप्रिलमध्येच झाली, पण संसदेने वेळ काढला आणि ॲडमिरल्टीने, म्हणजे नौदल चालवणाऱ्या मंडळाने, १ मे रोजी कप्तानांना पुन्हा गडबड झाली तर चिरडून टाका असा हुकूम पाठवला. तो खलाशांच्या कानी आला. ७ मेला 'लंडन' जहाजावर गोळीबार झाला, माणसं मेली. आता सारं हातचं जाणार अशी वेळ आली तेव्हा एकाहत्तर वर्षांचा, संधिवाताने पाय सुजलेला लॉर्ड हाऊ स्वतः आला. होडीतून एकेका जहाजावर गेला, मंजूर झालेला कायदा आणि राजाचं माफीपत्र दाखवलं, प्रत्येक ठिकाणी ऐकून घेतलं. कसलेल्या खलाशाचा पगार २४ शिलिंगांवरून साडेएकोणतीस झाला. छळवादी अधिकाऱ्यांपैकी पुष्कळांना जहाजावर परत पाठवलं नाही. कोणालाही फाशी झाली नाही. १७ मेला आरमार समुद्रावर निघालं.

यावर ठरलेला आक्षेप येतो: एकदा नमतं घेतलं की लोक डोक्यावर बसतात, स्पिटहेडला दिलं म्हणून थेम्सच्या मुखाशी नोरला बंड झालं. नोरचं बंड झालं हे खरं, आणि ते वाट चुकलं हेही खरं. तिथे मागण्या वाढत गेल्या, थेम्सचं तोंड अडवलं गेलं, प्रतिनिधींत फाटाफूट झाली. त्या बंडाचा म्होरक्या रिचर्ड पार्करला ३० जूनला फाशी झाली, त्याच्यामागोमाग जवळपास तीस जणांना. पण नोर सुरू झालं १२ मेला, म्हणजे हाऊ अजून स्पिटहेडच्या जहाजांवर फिरत असताना, दिलेला शब्द पाळला जाईल यावर कोणाचाच भरवसा नसताना. नमतं घेतल्याचा तो परिणाम होता, की नमतं घेऊन मग हात आखडल्याचा? आणि पाच महिन्यांनी, ११ ऑक्टोबरला, कॅम्परडाउनला डच आरमाराचा पाडाव कोणी केला? बंडात सामील झालेल्या त्याच उत्तर समुद्रातल्या ताफ्याने. लाडावलेले, बिघडलेले, हाताबाहेर गेलेले खलाशी असे लढत नाहीत.

चाबकाच्या बाजूने बोलणाऱ्यांनी त्याच वर्षीची 'हर्मायनी' जहाजाची गोष्टही वाचावी. कॅरिबियन समुद्रात, सप्टेंबरमध्ये, कप्तान ह्यू पिगटने परबाणावरच्या मुलांना सांगितलं की शेवटी खाली उतरेल त्याला फटके. घाईत तिघे तरुण निसटून डेकवर पडले आणि मेले. हे नालायक समुद्रात फेका, असं तो म्हणाला. दुसऱ्या रात्री खलाशांनी त्याला आणि आणखी नऊ जणांना मारलं आणि जहाज स्पॅनिश बंदरात नेऊन दिलं. मला त्या खुनांचं समर्थन करायचं नाही. मारल्या गेलेल्यांत एक कोवळा मिडशिपमनही होता. पण एका चाबूकवेड्या कप्तानाने राजाची एक अख्खी फ्रिगेट शत्रूला मिळवून दिली, ती स्पिटहेडच्या बत्तीस जणांनी नव्हे. त्याच आरमारात कॉलिंगवूड होता, जो फटके देणं शक्यतो टाळायचा. चुकलेल्याच्या दारूत पाणी वाढव, जादा पहारा दे, असल्या शिक्षांवर भागवायचा. त्याच्या जहाजांवरच्या तोफा आरमारात सर्वांत जलद चालणाऱ्यांत गणल्या जात. शिस्त दोघांकडेही होती म्हणे. मग फरक कुठे पडला?

एकोणिसाव्या शतकात जुनी बाकी हळूहळू फिटू लागली. १८३० मध्ये 'एक्सेलंट' जहाजावर तोफखान्याची शाळा निघाली आणि तिथे खलाशांना काही वर्षांच्या करारावर, जास्त पगाराने घेतलं. १८५३ मध्ये दहा वर्षांची सलग नोकरी आली. तोवर खलाशी एका जहाजाच्या फेरीपुरता नोकर असे, जहाज मोकळं झालं की तोही मोकळा. १८५७ मध्ये खलाशांना गणवेश मिळाला, अधिकाऱ्यांनंतर एकशे नऊ वर्षांनी. फटके शांततेच्या काळापुरते १८७१ मध्ये आणि पूर्णपणे १८७९ मध्ये थांबवले गेले. अमेरिकेने तर १८५० मध्येच फटके बंद केले होते. आता जहाजं चालणार नाहीत, असं तिथल्या जुन्या कप्तानांनी बजावलं होतं. अकरा वर्षांनी यादवी युद्ध पेटलं आणि ते आरमार फटक्यांवाचून कित्येक पटींनी वाढलं.

एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. १८५४ मध्ये क्रिमियन युद्धात 'प्रेस'विना बाल्टिक समुद्रात गेलेल्या नेपियरच्या ताफ्यात कसलेल्या खलाशांचा तुटवडा होता, आणि जुनी मंडळी म्हणाली, बघा, आम्ही सांगत होतो. तुटवडा खराच होता. सलग नोकरी सुरू होऊन एकच वर्ष झालं होतं आणि राखीव दल अजून पाच वर्षं दूर होतं. सुधारणा अर्धवट केली की तिचा दोषच आधी दिसतो. ज्यांनी ती शंभर वर्षं अडवली त्यांना तिच्या उशिराचा पुरावा म्हणून वापर करण्याचा अधिकार नाही.

हे सगळं दूरच्या देशाचं, जुन्या काळाचं म्हणून सोडून देता आलं असतं, तर मी एवढं लिहिलं नसतं. १८ फेब्रुवारी १९४६ ला मुंबईत कुलाब्याच्या 'तलवार' या नौदलाच्या संदेशवहन शाळेत तरुण भारतीय नौसैनिकांनी जेवण नाकारलं. दोन-तीन दिवसांत सत्तरांहून अधिक जहाजं आणि किनाऱ्यावरचे तळ त्यांच्यामागे उभे राहिले. त्यात स्वातंत्र्याची आकांक्षा होती, आझाद हिंद सेनेच्या कैद्यांच्या सुटकेची मागणी होती, आणि मुंबईच्या रस्त्यांवर गोळ्या झेलणाऱ्या कामगारांची साथ होती. ते सगळं खरं आणि अभिमानाचं. पण त्यांच्या मागण्यांची यादी स्पिटहेडच्या यादीशेजारी ठेवून पाहा. चांगलं जेवण. गोऱ्या नौसैनिकांइतका पगार आणि भत्ते. शिव्या देणाऱ्या कमांडिंग ऑफिसरवर कारवाई. इथे अर्ज-तक्रारी आधीच झाल्या होत्या, आणि त्याही दुर्लक्षित राहिल्या होत्या. ज्या आरमाराने १७९७ मध्ये हा धडा आपल्या माणसांकडून घेतला, त्याच्याच अधिकाऱ्यांना दीडशे वर्षांनी मुंबईच्या बंदरात तो आठवला नाही, कारण समोरची माणसं त्यांच्या वहीत नव्हती. त्या सकाळी 'तलवार'च्या भोजनगृहात टेबलावर जे वाढून ठेवलं होतं, ते तसंच राहिलं. पोरं उठून बाहेर आवारात आली.